आप्पा गाडी लांब लावायचे

गाडी कशी लावली यावरून माणूस ओळखता येतो, असा माझा दावा होता. अकरा वर्षं कागलच्या अलीकडे हायवेला धाबा चालवतेय, तेवढी घमेंड असणारच की.

नवखा ड्रायव्हर गाडी सरळ दारात घुसवतो. भूक लागलेली असते, दुसरं काय! मुरलेला माणूस आधी खाली उतरून बघतो. फांदी ताडपत्रीला लागेल का, मागचं चाक मऊ मातीत रुतेल का, शेजारचा झोपणारा आहे की चहा पिऊन निघणारा. मग रिव्हर्स घेऊन लावतो, तोंड रस्त्याकडे, डिझेलची टाकी बाजेवरून दिसेल अशी. डिझेलचोर टपलेले असतात, टाकी नजरेआड झाली की त्यांना जेवण गोड लागत नाही. एखाद्यानं दुसऱ्याची वाट अडवली की मी पिठाच्या हातानं बाहेर जायची. "ओ पावणं, जागा काय सासऱ्यानं आंदण दिलीया व्हय?" भले भले मिशीवाले गुमान गाडी हलवायचे.

एका गाडीला मात्र मी कधी बोलले नाही. माझ्या वडिलांच्या.

आप्पा फाउंड्रीतलं कास्टिंग, म्हणजे ओतीव लोखंडी भाग, ट्रकमध्ये भरून रोज दुपारी जेवायला थांबायचे. पूर्वी त्यांचं गाडी लावणं बघायला माणसं ताटावरून उठायची. दोन गाड्यांच्या मधल्या फटीत एका दमात मागं घ्यायचे, आरशाला आरसा न लागता. गेली दोन वर्षं मात्र ते पार टोकाला, पंक्चरवाल्याच्या पलीकडे लावू लागले. तिथं एका बाजूनं शिरायचं आणि दुसऱ्या बाजूनं सरळ बाहेर पडायचं. तिथून उन्हातून चालत यायचे, मुकाट जेवायचे, जायचे.

मला वाटलं, यांना माझी लाज वाटते. चांगल्या घरातली लेक हायवेला भाकरी विकते हे त्यांना सुरुवातीपासून खुपत होतंच. धाबा काढला तेव्हा सहा महिने बोलले नव्हते. आता जम बसला, तरी गाडी दारात लावायची नाही, चारचौघांत नातं दाखवायचं नाही. नुसता जळफळाट व्हायचा माझा. पण विचारणार कशी, मीही त्यांचीच लेक. ताट आदळायची, रस्सा मुद्दाम झणझणीत करायची, तोंड उघडायची नाही.

एका दुपारी तुडुंब गर्दी होती. एक परका ड्रायव्हर त्या टोकाच्या जागेत गाडी घालू लागला. निपाणीचा एक ड्रायव्हर आहे, जुनं गिऱ्हाईक, मला अक्का म्हणतो. तो जेवता जेवता उठून ओरडला, "ओऽ, तितं नगं! म्हाताऱ्याची जागा हाय ती!" आणि स्वतःची गाडी पुढं घेऊन त्यानं त्या परक्याला जागा करून दिली.

"ती जागा राखून कुणी ठेवली रं?" मी विचारलं.

"आमीच की अक्का. तेंस्नी डाव्या डोळ्यानं दिसत न्हाई. गाडी मागं घ्याय जमत न्हाई, म्हणून सरळ निघायची जागा आमी मोकळी सोडतोय. तुमास्नी ठावं न्हाई व्हय?"

नव्हतं ठाऊक. अख्ख्या हायवेला ठाऊक, आणि पोटच्या पोरीला नाही! आधी रडू आलं, आणि मागोमाग असा संताप आला की विचारू नका. "आणि रस्त्यावर?" मी त्याच्यावर ओरडले. "डाव्या अंगाला एखादी बाई लेकरू घिऊन आली तर? तवा कोण उठून वरडणार हाय?" तो खाली मान घालून हात धुवायला गेला.

त्या रात्री भाकऱ्या थापताना एकच हिशेब चालला होता. आप्पांना आता थांबा म्हणून सांगावं तर त्यांची गाडी सुटणार, आणि गाडी सुटली तर त्यांच्याजवळ उरतं काय? न सांगावं तर कुणाचा तरी जीव जाणार. आणि तो माझ्या माथी.

दुसऱ्या दिवशी बाराला मी त्या जागेत पाण्याचं पिंप नेऊन ठेवलं आणि शेजारी उभी राहिले. आप्पांची गाडी आली. हॉर्न वाजला. मी हलले नाही. शेवटी इंजिन बंद करून ते उतरले. पिंपाकडं बघितलं, मग सगळी मान वळवून माझ्याकडं. डावीकडचं दिसत नाही म्हणून तशीच मान वळवून ते रोज भाकरी घेत होते, आणि मी तो त्यांचा ताठा समजत होते.

"डोळ्याचं कवा कळलं तुमास्नी?"

"दोन वर्सं झाली."

"मग बोलला का न्हाईसा?"

आप्पांनी टोपी काढून कपाळ पुसलं. "माज्या तोंडानं सांगाय जीव धजत नव्हता, पोरी. तू समद्या ड्रायव्हरांशी भांडतीस. रोज वाटायचं, आज माज्याशीबी भांडशील, इतक्या लांब का लावताय म्हणून इचारशील. एकदा जरी इचारलं असतंस, तर तवाच गाडी सोडली असती बग."