बायकोनं घेतलेलं नाव

हे माझ्या तोंडून आजवर बाहेर पडलेलं नाही. डॉक्टरांना अर्धं सांगितलं, बायकोशी खोटं बोललो, आणि जिच्याशी खरं बोलायला हवं होतं तिच्यासमोर मान खाली घालून नुसतं 'सांगतो' म्हणालो. आत्ता लिहितानाही दार लावून घेतलंय. मंगल, माझी बायको, स्वयंपाकघरात आहे. भांड्यांचा आवाज थांबला की माझा हात थांबतो.

मी मंठ्याच्या एका हायस्कुलात भूगोल शिकवतो. पंचेचाळिशी ओलांडली आणि साखर निघाली. त्यानंतर हळूहळू – कसं सांगू? – रात्री मी बायकोजवळ जाण्याच्या लायकीचा राहिलो नाही. मंगल कधी टोचून बोलली नाही. "दमलात तुम्ही," म्हणायची आणि कूस बदलायची. तिच्या त्या समजूतदारपणाचीच मला धास्ती बसली. दिवस मावळायला लागला की वह्या तपासायचं निमित्त करून मी बाहेरच्या खोलीत बसायचो, ती झोपेपर्यंत.

जालन्याच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. गोळ्यांची पट्टी मी शाळेत नकाशांच्या कपाटात लपवायचो. गोळी घेतली की डोकं ठणकायचं, कान तापायचे – बाकी काही नाही. डोस वाढवला. तरी नाही. गोळीनंही होत नाही म्हटल्यावर उरलं काय? आजार म्हणून मी त्याच्याकडे पाहूच शकलो नाही. गावात कळलं तर? स्टाफरूममध्ये कुणी हसलं तर? पोरांनी फळ्यावर काही लिहिलं तर?

शेवटी जालन्याच्या डॉक्टरांनीच संभाजीनगरच्या एका डॉक्टरांचं नाव दिलं. तिथं म्हणे शॉक वेव्ह देतात. मला शॉक एवढंच ऐकू आलं. टेबलावर झोपता झोपता विचारलं, करंट लागेल का? डॉक्टर तरुण होते, हसले. "करंट बिलकुल नसतो सर. आवाजासारख्या लहरी असतात. काहींचा रक्तपुरवठा त्यानं सुधारतो, सगळ्यांचा नाही. खात्री मी देत नाही." थंडगार जेल, त्यावर यंत्राचं टोक, आणि टक्-टक् असा कोरडा आवाज. दुखलं नाही फारसं. मी मात्र सारा वेळ दाराच्या कडीकडे बघत होतो.

निघताना ते म्हणाले, "पुढच्या खेपेला मिसेसना घेऊन या. दोघांनी मिळून बोललेलं बरं असतं." मी म्हणालो, ती आजारी असते. ती धडधाकट होती. घरी माझी वाट बघत होती.

शनिवारी सकाळची शाळा सुटली की मी एसटी धरायचो. घरी सांगायचो – ट्रेनिंग आहे, पेपर तपासणी आहे. त्याच गाडीला आमच्या शाळेतल्या ढवळे मॅडम असायच्या. त्यांचे यजमान लवकर गेले होते. जावेच्या घरातल्या एका खोलीत त्या राहायच्या आणि मुलीला भेटायला जालन्याच्या होस्टेलवर जायच्या. कधी शेजारी जागा मिळाली तर आम्ही बोलायचो – पावसाचं, पोरांच्या मार्कांचं. जालन्याला त्या उतरायच्या, मी पुढं जायचो. एवढंच. याहून एक शब्दही जास्त नव्हता आमच्यात.

इथवर आजारच आहे. आजाराची लाज वाटणं हा काही गुन्हा नव्हे. गुन्हा इथून पुढं आहे.

कुणीतरी मंगलच्या कानावर घातलं. एका रविवारी सकाळी चहाचा कप माझ्यासमोर ठेवून ती उभीच राहिली. "दर शनिवारी कुठं जाऊन राह्यले तुम्ही? ट्रेनिंग कुठलंच न्हाई, मी इचारलंय." मी कप उचलला. "म्हणूनच माझ्याजवळ येत न्हाई ना? ती ढवळे मॅडमच हाय ना?"

त्या क्षणी मला काय वाटलं माहीत आहे? हायसं वाटलं. खरंच सांगतो – छातीवरचा धोंडा कुणी उचलावा तसं. माझी बायको मला बाईलवेडा समजत होती, नामर्द नाही. पहिला शब्द मला पेलत होता. दुसऱ्याच्या नुसत्या कल्पनेनं मला घाम फुटायचा.

नाही म्हणायला एक शब्द पुरला असता. मी म्हणालो, "झालं ते झालं. आता बंद करतो."

न केलेलं पाप मी कबूल केलं. पण त्या पापात दुसरं माणूस होतं, हे मला कळत नव्हतं का? कळत होतं. चांगलं कळत होतं.

मंगल तशीच निघून ढवळे मॅडमच्या दारात गेली. गल्ली गोळा झाली. ती काय काय बोलली ते मी लोकांकडून ऐकलं, लिहवत नाही. मी घरात कडी लावून बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी मॅडम शाळेच्या व्हरांड्यात माझ्यासमोर आल्या. डोळे सुजलेले. "सर, वहिनींना एकदा सांगा हो. जावेनं खोली खाली करायला सांगितलीय. तुम्ही सांगितलं तर पटंल त्यांना." मी म्हणालो, "सांगतो." त्यांनी हात जोडले – मला! त्या दिवशी घरी जाताना सांगायचं पक्कं ठरवलं होतं. मंगलनं दार उघडलं, आणि पुढचा प्रश्न मला दिसला – मंग जात कुठं होता? मी हातपाय धुवून जेवायला बसलो.

सत्र संपायच्या आत त्या शाळा सोडून गेल्या. संस्थेच्या तीर्थपुरीच्या शाळेत बदली मागून घेतली. निघताना स्टाफनं साधा चहाही दिला नाही. मीही त्या स्टाफमध्ये होतो.

शनिवार टाळून, मधल्या वारी शाळेतून रजा टाकून उपचार मी पुरे केले. थोडा गुण आला, आधी न लागू पडणारी गोळी लागू पडायला लागली. मंगल परत माझ्याजवळ आली. तिनं मला माफ केलं होतं! 'पुरुषाचं पाऊल घसरतं, परत आला हे महत्त्वाचं,' असं ती तिच्या बहिणीला सांगताना मी ऐकलं. तिच्या त्या माफीवर माझा संसार उभा आहे. ती जरा जास्त वेळ गप्प बसली की मला वाटतं, कळलं.

पुढं काही वर्षांनी एकदा वाटूरच्या फाट्यावर आमची गाडी थांबली तेव्हा ढवळे मॅडम खाली उभ्या होत्या. त्याच गाडीला चढायच्या बेतात होत्या. खिडकीत मला बघितलं आणि पाऊल मागं घेतलं. गाडी निघाली, त्या उन्हात तशाच राहिल्या. मी खाली उतरलो नाही. त्यांनी गाडीत येऊन चारचौघांत विचारलं असतं तर, या भीतीनं मी जागेला चिकटून राहिलो. त्या आल्या नाहीत म्हणून मी सुटकेचा श्वास टाकला.

परवा जेवताना मंगल म्हणाली, "तुमची ती ढवळे रिटायर होऊन राह्यली म्हणं. जाणार का कार्यक्रमाला?" ती माझ्या तोंडाकडे बघत होती.

मी म्हणालो, "तिच्याशी माझा काय संबंध आता?"

मंगलच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. तिनं माझ्या ताटात आणखी एक भाकरी वाढली. मी ती खाल्ली.