साहेबाच्या मेंदूची परीक्षा

मार्चमधला दुसरा गुरुवार, ह्यांच्या कंपनीची सुट्टी. वर्षाचे गहू निवडायचे होते. त्याऐवजी मी बेशुद्ध पडले.

ठरवून पडले. कारण, आमच्या सायलीने गल्लीतून उचलून आणलेला कुत्रा, साहेब. (नुसता बसून दुसऱ्यांची कामं बघतो, म्हणून ह्यांनी ठेवलेलं नाव. हे चाकणला नोकरीला, त्यांना अनुभव दांडगा!)

मी सांगून टाकलं, "संध्याकाळी हा बाहेर. बसून खाणारं एक माणूस घरात पुरे!"

ह्यांनी पेपर तोंडासमोर धरला.

सायली कॉलेजात मेंदूचा अभ्यास करते. "आई, उंदीरसुद्धा बेशुद्ध उंदराचं तोंड चाटून त्याला उठवतो! मेंदूतच तशी सोय असते. साहेब तर केवढा मायाळू!"

"बरं. मी पडते. त्याने उठवलं तर राहील, नाहीतर चालू लागेल."

मी जमिनीवर आडवी झाले, डोळे मिटून जरा कण्हलेसुद्धा. (सोंग करायचं तर नीट करावं!) साहेबाने मला हुंगलं आणि गव्हाच्या ढिगावर जाऊन ऐसपैस झोपला.

मी जिंकलेच होते! तेवढ्यात शेजारच्या शेवंतामावशी आल्या.

"अगं बया! फिट आली हिला!"

"मावशी, प्रयोग चाललाय..."

"आय हितं मरायला टेकली आन् तुजा परयोग? आरं दादा, बघतूस काय? कांदा फोड! चप्पल आण!"

मी उठले असते. पण उठले की परीक्षा रद्द! लग्नानंतर प्रथमच ह्यांना स्वयंपाकघरात कांदा सापडला. तो नाकाला लागला, डोळ्यांतून धारा लागल्या. "रडतीया बिचारी!" म्हणत मावशींनी ह्यांची चप्पल माझ्या नाकावर दाबली.

तो वास गव्हापर्यंत गेला असावा. साहेब उठला, झेपावला आणि मावशींच्या हातातली चप्पल घेऊन सुसाट पळाला.

मी ताडकन उठून बसले. "अहो, धरा त्याला! परवाच घेतलीय ती!"

"उठली! चपलीचा गुण!" मावशी.

"साहेबाने वाचवलं!" सायली.

"कांदा मी फोडला," हे.

दारात अर्धी गल्ली जमलेली. सोंग होतं हे सांगायची सोय नाही, आणि कुत्र्याने उठवलं नाही म्हणायचीही नाही. साहेब राहिला. चप्पल गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला चहात बिस्कीट बुडवून दिलं आणि पुन्हा गहू घेऊन बसले. चोळायला जरा डोळे मिटले मात्र, समोर बसलेला साहेब, दारातल्या मावशी आणि कांदा घेऊन हे, तिघं एकदम उठले!

मग मी पापणीही न लववता अख्खे गहू निवडले. त्यातले साहेबाचे केससुद्धा.