पागेबाईंचा राग

आईनं तोंड उघडायच्या आत पागेबाई पोराचं झबलं वर करत. कडाक्याच्या थंडीतसुद्धा. "आधी पोट पाहू दे. तुझी कहाणी नंतर." मग घड्याळाकडे बघत पूर्ण मिनिटभर श्वास मोजायच्या. मध्येच कुणाचा मोबाइल वाजला, की पुन्हा पहिल्यापासून. धारमधल्या त्यांच्या दवाखान्यात मी एकोणीस वर्षं सिस्टर होते. श्वास न मोजता त्यांनी औषध लिहिल्याचं मला आठवत नाही.

बाई मूळच्या देवासच्या. एरवी बोलणं जुन्या वळणाच्या मराठीतलं, चिडल्या की हिंदी. आणि चिडायच्या फार. पोट उघडण्याला आणखी एक कारण होतं. आमच्याकडे अजूनही काही घरांत तान्ह्या मुलाला धाप लागली, की तापवलेल्या सळईनं पोटावर डाम देतात. आत निमोनिया तसाच राहतो आणि वर जखम होते. डाम दिसला की बाईंचा तोल जायचा. बाहेरच्या बाकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात त्या विचारायच्या, "क्यों री, माँ है कि कसाई?" खरं सांगते, मला ते ऐकून बरं वाटायचं. अशांना असंच पाहिजे, म्हणायचे मी.

बाग गावाकडची रमली असाच डाम दिलेल्या मुलाला घेऊन आली होती. मुलगा बाईंनी वाचवला. पाच दिवस ठेवून घेतला, स्वतः तीनतीनदा येऊन तपासला. पण ते पाचही दिवस रमलीला सगळ्यांदेखत तेच ऐकवलं. डाम सासूनं दिले होते, रमली शेतात असताना. हे तिनं मला सांगितलं. बाईंना सांगायची तिची छाती झाली नाही. मी सांगू शकले असते, पण कशाला मध्ये पडा म्हणून गप्प राहिले.

दोन वर्षांनी, हिवाळ्यातच, सकाळी दहाच्या सुमाराला दवाखान्यासमोरच्या चहाच्या टपरीपाशी मला रमली दिसली. पदराखाली मूल. तिनं मला हात केला. आत पंचवीस आया खोळंबल्या होत्या. गरज असेल तर येईल नंबर लावून, असं म्हणून मी आत वळले.

दीड वाजता बाई वरच्या मजल्यावर जेवायला गेल्या, तेव्हा ती आत आली. चार महिन्यांची मुलगी. ओठ निळे पडलेले, पोटावरच्या डामांना हळद फासलेली. माझी हाक ऐकून बाई उष्ट्या हातानं धावत खाली आल्या. ऑक्सिजन, इंजेक्शन, जे जे करता येतं ते सगळं केलं. तासाभरात मुलगी गेली.

"इतनी देर कहाँ थी?" बाईंनी विचारलं. आवाज चढला नव्हता.

"बाहर ही थी, बाई साब. सुबह से. आप सबके सामने चिल्लाओगे, इस वास्ते बैठी रही. सोचा, आप खाना खाने जाओ तो सिस्टर को दिखा दूँ."

रमली गेल्यावर बाई तपासायच्या टेबलाला धरून उभ्या होत्या. मग म्हणाल्या, "सुनंदा, तुला दिसली होती का गं ती बाहेर?"

"नाही," मी म्हटलं.

त्यानंतर बाई कुणावर ओरडल्या नाहीत. डाम दिसला की खुर्ची पुढे सरकवायच्या आणि "बैठो, पानी पियो" म्हणायच्या. बाहेर लोक बोलायचे, "भिया, डॉक्टरनी अब ढीली पड़ गई." दवाखाना बंद करताना गावानं सत्कार केला, तेव्हाही जो तो त्यांच्या जुन्या कडकपणाचंच कौतुक करत होता. बाई दोनच वाक्यं बोलल्या. "जी मुलं वाचली, त्यांचेच आईबाप आज इथे आलेत. एक पोर मी माझ्या जिभेनं घालवलं." लोकांना तो विनय वाटला. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.

गेल्या वर्षी देवासला बाई वारल्या. त्याच्या आठवडाभर आधी मी भेटायला गेले होते. या वेळी सांगून टाकायचंच, असं बसमध्ये बसल्यापासून घोकत होते. त्यांनी मला ओळखलं, हात धरला. आवाज पार खोल गेला होता.

"त्या दिवशी तू पाहिलं नव्हतंस ना तिला? पाहिलं असतंस तर आत आणलं असतंस. माझंच चुकलं."

"हो बाई," मी म्हटलं, आणि त्यांच्या पायांवरचं पांघरूण सारखं केलं.