एक टंबलर ऑइल

पापनाशमहून तंजावूरला परत येताना अय्यमपेट्टैजवळ रेल्वेचं फाटक बंद होतं. गाडी उभी, इंजिन चालू, डोक्यावर चित्रै महिन्याचं ऊन, आणि समोर ऑइलच्या कॅनचं चित्र असलेला लाल दिवा लुकलुकू लागला. ॲक्सिलरेटर दाबला की विझायचा, पाय काढला की पुन्हा पेटायचा. इंजिनातलं ऑइलचं प्रेशर पडलंय एवढं मला कळत होतं. पण माझ्या मनात पहिला विचार इंजिनाचा आलाच नाही, धाकट्या भावाचा आला. म्हटलं, लावली वाट यानं शेवटी.

गाडी वडिलांनी घेतलेली. ते गेल्यावर घर वाटलं गेलं, शेत वाटलं गेलं, पितळेची भांडीसुद्धा वाटली गेली. गाडीचे दोन भाग करता येत नाहीत म्हणून ती दोघांच्या नावावर राहिली. पापनाशमला आमची आत्या एकटी राहते, नव्वदीला टेकलेली. दर शनिवारी दोघांपैकी एकाने तिच्याकडे जायचं, औषधं पोचवायची, हवं-नको बघायचं. एक शनिवार माझा, एक त्याचा. घरं लांब झाल्यापासून रविवारी सकाळी ज्याची पाळी संपली त्याने गाडी दुसऱ्याच्या दारात आणून लावायची, कॉफी प्यायची आणि टाउन बसने परत जायचं. आमच्यात भांडण नाही. भांडायलासुद्धा बोलावं लागतं. रविवारची ती दहा मिनिटं हेच आमचं उरलेलं नातं होतं, आणि त्यातली पाच कॉफी गार करण्यात जायची.

इंजिन जुनं, ऑइल खाणारं. वडिलांचा नियम असा की पापनाशमची खेप झाली की गाडी निवू द्यायची आणि एक स्टीलचा टंबलर भरून ऑइल घालायचं. डिपस्टिक काढून पातळी बघण्याच्या भानगडीत ते कधी पडले नाहीत. खेप झाली, टंबलर घातला, संपलं. पंचवीस वर्षं हे बिनबोभाट चाललं. तेव्हा आम्ही दोघे एकाच आवारात राहत होतो, त्यामुळे कोण ऑइल घालतोय ते दुसऱ्याला खिडकीतून दिसायचं.

यंदा पोंगलच्या आधी माझी बायको गेली. पोंगल सरल्यावर भावाने गावाबाहेरच्या नव्या कॉलनीत घर केलं. घर आधीच बांधून झालं होतं, मुहूर्त निघालेला होता, त्यात त्याचा काही दोष नव्हता. तरी मला राग आला. त्या दिवसांत मला सगळ्याचाच राग येत होता, आणि राग धरून ठेवण्याइतकी ताकदही नव्हती. दुपारी बाराला कुकर लावायचा आणि तो उघडायचाही कंटाळा यायचा. आवार रिकामं झालं आणि त्याच्या शनिवारी तो ऑइल घालतो की नाही हे दिसेनासं झालं.

न दिसताच मी ठरवून टाकलं की तो घालत नाही. लहानपणापासून तो तसाच, हे माझं मत साठ वर्षं जुनं, ते तपासून बघायची मला कधी गरज वाटली नाही. शाळेत छत्री विसरायचा, नळ उघडा टाकायचा, माझ्या सायकलची किल्ली हरवायचा. पुढे त्याने तीस वर्षं कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं, तरी माझ्या लेखी तो किल्ली हरवणाराच राहिला. म्हणून माझ्या शनिवारी मी दोन टंबलर घालू लागलो. एक माझ्या खेपेचा, एक त्याच्या.

फाटक उघडलं. दिवा कधी पेटत, कधी विझत मी कसाबसा घरी पोचलो, आणि खुर्चीत बसूनच गाडी विकायचं ठरवलं. फार विचार केला नाही. आत्याकडे बसने जाता येईल. रविवारची दहा मिनिटं जातील हे मला कळत होतं. जाऊ देत, असंच वाटलं. एका माणसाचं सगळं आवरता आवरता मी दमलो होतो, आणखी एक गोष्ट आवरायची तर आवरून टाकू. जुन्या गाड्या घेणाऱ्या एजंटला फोन केला. तो म्हणाला, इंजिनाचं काय ते मेकॅनिककडून बघून घ्या आणि दोघांच्या सह्या आणा. भावाला तमिळमध्ये निरोप धाडला: गाडीचं इंजिन गेलं, विकायची आहे, सोमवारी करंदैला गॅरेजवर ये. इंजिन कुणामुळे गेलं ते लिहिलं नाही, पण त्याला कळेल अशा बेताने लिहिलं.

गॅरेजवाला मेकॅनिक आमच्याच वयाचा. वडिलांच्या वेळेपासून गाडी त्याच्याकडे जाते. त्याने पहिला प्रश्न विचारला तो साधा होता: "सार, ऑइल बघितलं का?" मी म्हणालो, "ऑइल मी स्वतः घालतो, ते बघायला नको." हे मी अशा आवाजात म्हणालो की त्या बापड्याने डिपस्टिकला हात लावला नाही. भाऊ शेजारीच उभा होता. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि चप्पल जमिनीवर घासली.

मग तपासणी सुरू झाली. मेकॅनिकने नुसती किल्ली फिरवली, दिवा लागला. इंजिन सुरू केलं, विझला. म्हणजे दिव्याच्या वायरी धड आहेत. इंजिनच्या कुशीतला ऑइलचा स्विच काढून तिथे त्याने काट्याचं गेज बसवलं, कारण स्विच खोटं सांगू शकतो. गार इंजिनावर काटा ताठ उभा राहिला. "थंडीत सगळेच शहाणे," तो म्हणाला, "तापवून बघू." गेज तसंच बांधून आम्ही तिघे वल्लम गावापर्यंत जाऊन आलो. तो चालवत होता, मी पुढे, भाऊ मागे.

परत आल्यावर इंजिन तसंच चालू ठेवलं. काटा थरथरायला लागला. खाली यायचा, वर जायचा, पुन्हा खाली. मी मनात म्हटलं, झालं, बेअरिंगं गेली. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. बेअरिंगं गेली म्हणजे दोष ठरला, गाडी विकायला कारण मिळालं, आणि कुणाचं काही ऐकून घ्यायला नको. मेकॅनिकने लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनला टेकवलं, मूठ कानाला लावली, डोळे मिटले. बराच वेळ तो असा जागा बदलत ऐकत राहिला. मग म्हणाला, "ठोका नाही. बेअरिंगं गेली असती तर ठोका आला असता. काटा एकसारखा पडलाही असता. हा नाचतोय. पंपाला मधूनच हवा मिळतेय."

त्याने इंजिन बंद केलं, थोडा वेळ थांबला, आणि माझी परवानगी न घेता डिपस्टिक ओढली. तिच्यावर ऑइल वरच्या खुणेच्या पार वर, जवळजवळ मुठीपर्यंत चढलेलं होतं, आणि त्यात ताकासारखे बुडबुडे होते.

"सार, ऑइल कमी नाही. फार झालंय. आत क्रँक ते घुसळतोय. फेस होतो, पंप फेस ओढतो, फेसाला कुठलं आलंय प्रेशर?" तो तमिळमध्ये बोलत होता, पण 'फेस' म्हणताना त्याने हाताने रवी फिरवून दाखवली. खाली बादली लावून त्याने नट काढला. चार लिटर ऑइल लागणाऱ्या इंजिनातून सहाच्या आसपास निघालं. दोन घरचा पाहुणा उपाशी, असं म्हणतात. आमचा पाहुणा अजीर्णाने आजारी पडला होता.

"घालतं कोण?" मेकॅनिकने विचारलं.

"मी," मी म्हणालो. "मी," भाऊही म्हणाला.

"किती?"

दोन टंबलर, हे आम्ही जवळजवळ एकदमच सांगितलं. मेकॅनिक आमच्या तोंडांकडे बघत राहिला, मग नवं ऑइल आणायला आत गेला. बहुधा मुद्दामच गेला.

"दोन कां?" मी भावाला विचारलं. माझा आवाज अजून मोठ्या भावाचाच होता.

"एक माझा, एक तुझा," तो म्हणाला. तो बादलीकडे बघत बोलत होता. "वैनी गेली तेव्हापासून तूं जेवतोस की नाही हेंच मजला ठाऊक होईना, अण्णा. रविवारी येतों तर चुलीवर काही नसतें. विचारलें तर तुजला राग येईल. म्हटलें, ऑइलचें याला कुठें ध्यान राहणार? तेवढें आपण घालून टाकावें. सरी, बरें, तेंच फार झालें."

गॅरेजच्या पत्र्याखाली उकडत होतं आणि मी नुसता घाम पुसत राहिलो. चार महिने हा माणूस एक रविवार आड माझ्या स्वयंपाकघरात डोकावून जात होता, आणि मला वाटत होतं तो बसची वेळ बघायला घड्याळाकडे वळतो.

मग त्याने मान वर केली. "आणि तूं कां दोन घालत होतास?"

"तुझंही नवं घर," मी म्हणालो, "सामानाची धावपळ. म्हटलं तुझ्या ध्यानात राहणार नाही."

त्याने मान हलवली. त्याला ते खरं वाटलं. डोळे भरून आले त्याचे, आणि ते मला दिसू नयेत म्हणून तो आत गेला. मेकॅनिकला म्हणाला, गाडी विकायची नाही. त्या दिवशी तो मला त्याच्या घरी जेवायला घेऊन गेला. मी तीनदा भात घेतला. आता दर रविवारी जातो. ऑइल फक्त तो घालतो, पातळी बघून.

त्याला मी खरं अजून सांगितलेलं नाही. सांगायचं ठरवून दोनदा गेलो आणि भात खाऊन परत आलो. बँकेच्या नोकरीत माझी काही वर्षं पुण्याला गेली, तिथे मी देवनागरी शिकलो. तो तंजावूर सोडून कधी कुठे गेला नाही, शाळा त्याची तमिळ. मराठी त्याची माझ्यापेक्षा गोड आहे, पण ही लिपी त्याला वाचता येत नाही. म्हणून एवढं लिहू शकलो.