श्रावणी सोमवारचे उपोषण आणि काकीची खिडकी

माझी काकी चंपाबाई हिच्यावर १९४६ सालच्या श्रावणात, दुसऱ्या शनिवारी, सकाळी नगरपालिकेची कचेरी उघडल्या उघडल्या घोर अन्याय झाला. त्या वेळी ती घरी भाकरी थापत होती आणि तिला या अन्यायाची काही खबर नव्हती. ती मी दिली. पळत जाऊन!

प्रकरण असे. आमचे स्वयंपाकघर म्हणजे चार भिंती, एक दार आणि बाकी सगळा धूर. सांगलीच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी काकीला बजावले होते, "बाई, आणखी एक-दोन पावसाळे या धुरात काढलेत तर सुईत दोरा ओवायचं विसरा." मागच्या भिंतीला एक खिडकी पाडायची आणि वर धुराडे काढायचे, एवढेच काम. पण भिंत बोळाकडची, आणि बोळ नगरपालिकेचा! तेव्हा परवानगी हवी. घरात शिकलेला मी. अर्ज मी लिहिला.

तिथेच घात झाला. बेचाळीसपासून मी पत्रकांशिवाय दुसरे काही लिहिले नव्हते. (मामांना पाठवलेल्या ख्यालीखुशालीच्या कार्डाचा शेवटही मी 'उठा!' असा केला होता.) अर्जाला मथळा दिला, 'धुराच्या गुलामगिरीत एक स्त्री!' आत जुलूम होता, बेड्या होत्या, आक्रोश होता. फक्त नकाशा नव्हता.

ओव्हरसियरसाहेबांनी अर्ज शेवटपर्यंत वाचला (हे त्यांचे मोठेपण, आमच्या घरात कोणी वाचला नव्हता) आणि विचारले, "खिडकी कुठं पाडायचीय?"

"जिथं अन्याय आहे तिथं!"

"म्हणजे जमिनीपासून किती वर?"

मी 'जुलूम'वाला परिच्छेद पुन्हा मोठ्याने वाचून दाखवला. अर्ज परत!

"नकाशा मागतात, काकी! नकाशा!"

"मग दे की काढून."

"हा नकाशाचा प्रश्न नाही, तत्त्वाचा आहे!"

"तत्त्वाला धूर लागतोय व्हय रं? डोळं माझं चुरचुरत्यात."

पण मी आता कोणाच्या बापाचे ऐकणार नव्हतो. सोमवारी सकाळी कचेरीसमोरच्या लिंबाखाली सतरंजी टाकली आणि आमरण उपोषण जाहीर केले. जगातल्या एकूण एक चळवळी मी वाचून काढल्या होत्या. पंचांग तेवढे पाहिले नव्हते. तो श्रावणी सोमवार होता. अख्खे गाव उपाशी!

पहिला आला कचेरीचा शिपाई. "काय रं दिनू, हितं का बसलास?"

"उपोषणाला बसलोय."

"माझा बी हाय की उपास! फराळाला काय केलंय घरी?"

"फराळ नाही. पाणीसुद्धा नाही!"

"आरारा! लय कडक धरतोस गड्या," असे म्हणून तो चक्क पाया पडला.

मग महादेवाच्या देवळातून परतणाऱ्या बायका. एकीने माझ्यापुढे बेलाचे पान ठेवले. दुसरीने केळे ठेवले. तिसरी हळूच म्हणाली, "लगीन ठरंना वाटतं पोराचं!" दुपारपर्यंत माझ्यापुढे केळ्यांचा ढीग आणि भोवती ही गर्दी! माझ्या एकाही सभेला एवढी माणसे जमली नव्हती आणि त्यांतल्या एकालाही खिडकीचा पत्ता नव्हता. शेवटी साहेब स्वतः बाहेर आले, थकलेल्या आवाजात म्हणाले, "दिनकरराव, उपाशी मीही आहे. पण नकाशा आणा."

दिवस कलला तशी काकी आली.

"ऊठ. सोमवार सोडायची येळ झाली."

"काकी, हे आमरण आहे!"

"मराण सकाळी बघू. भाजी निवाया लागली."

तेवढ्यात साहेब कचेरीला कुलूप लावून निघाले. काकीने त्यांनाच गाठले. "साहेब, सोमवार कुठं सोडता?"

"खाणावळीत, बाई. घरची मंडळी म्हसवडला असतात."

"म्हसवड? आवं, माझं म्हायेर म्हसवडचं! सिद्धनाथाच्या गावचा माणूस माझ्या डोळ्यांदेखत खानावळीत सोमवार सोडणार? चला."

"पण बाई, त्या अर्जाचं आज काही..."

"अर्जाचं नाव काढंल त्याला भाकरी न्हाई!" हे ती माझ्याकडे बघून म्हणाली. मी सतरंजी गुंडाळली.

घरी काकांनी साहेबांसाठी बाहेरच्या सोप्यात पाट मांडला. काकीने तो उचलला आणि नेऊन चुलीपुढे ठेवला. "भाऊ हाय माझा. भावाला तव्यावरची वाढायची असती." एकदा भाऊ ठरल्यावर साहेब सुटतात कुठले! श्रावणातले जळण ते, चिंब भिजलेले. पहिल्या भाकरीला साहेबांच्या डोळ्यांतून धारा लागल्या. दुसरीला चष्मा उतरला. तिसरी त्यांनी आमटी समजून पाण्याच्या तांब्यात बुडवली.

"साहेब, तांब्या हाय त्यो!" काकी म्हणाली.

हीच वेळ! मी उठलो, हात उंचावला आणि "साहेब, हाच तो..." एवढे म्हणेपर्यंत सगळा धूर माझ्याच घशात शिरला. खोकत खोकत मी परसात पळालो. भाषण संपले. आतून साहेबांचा रडवेला आवाज आला.

"आक्का, तुम्ही हे रोज...?"

"रोज म्हंजे, दोनदाच की. सकाळी आन् सांजंला."

मी दारातून वाकून पाहिले. काकीच्या डोळ्यांतूनही पाणी वाहत होते, पण तोंड फिरवायचे नाव नाही. हात भाकरीच्या कडेवरून फिरत होता आणि एकही भाकरी फाटत नव्हती. इतकी वर्षे ही बाई या धुरात आम्हाला गरम गरम वाढत आली आणि आम्ही सोप्यात बसून मीठ कमी असल्याच्या तक्रारी केल्या! तोपर्यंत माझी समजूत होती, घरात धीराचा माणूस मी एकटाच.

साहेब ताटावरून उठले. हातसुद्धा धुतला नाही. चुलीजवळचा विझलेला कोळसा उचलून त्यांनी भिंतीवर चौकोन काढला. "खिडकी इथं." डोळे पुसले आणि चौकोन आणखी मोठा केला. "धुराडं इथं. हाच नकाशा. उद्या दिनकरराव कागदावर उतरवून आणतील."

"पण बोळातल्या लोकांनी हरकत घेतली तर?" मी दारातून खोकत विचारले. (मला कोणी विचारले होते का?)

"त्यांनाही इथंच जेवायला बसवा," साहेब म्हणाले.

दसऱ्याच्या आत खिडकी झाली. दिवाळीला काकीने सुईत दोरा ओवला, पहिल्याच खेपेला. आणि मी? मी 'उपोषणाचा दणदणीत विजय!' असे पत्रक छापून गठ्ठाच्या गठ्ठा घरी आणला. काकीने त्यावर चूल पेटवली. "कागद चांगला हाय रं," म्हणाली, "धूर बी करत न्हाई."

तेव्हा वाचकहो, माझी मागणी स्पष्ट आहे. आज घरी जा. सोप्यातला पाट उचला, चुलीपुढे मांडा आणि अख्खे जेवण तिथेच बसून संपवा. मग भिंतीवर कोळशाने चौकोन काढा आणि नगरपालिकेत अर्ज टाका. नकाशासह! आणि हा मजकूर वाचून झाला की खुशाल चुलीत घाला. आमच्या घरी तीच पद्धत आहे.