बाईचं वावर

बाबा डोळे मिटून गावातल्या वावरांची, शेतांची, नावं सांगत होते आणि मी टाइप करत होते. हिवराचं, खारीचं, भुताच्या चिंचेचं, डोहाकडचं. पोळा होऊन गेलेला, ओसरीवर पिवळं ऊन पसरलेलं, आणि बाबा जागचे न हलता गावभर हिंडत होते. ऐकता ऐकता मलाही झोपेत चालल्यासारखं वाटायला लागलं. सातबारावर या सगळ्यांचे नुसते गट नंबर. नावं म्हणणारी माणसं एकेक करून चालली, म्हणून त्यांना गावातल्या वावरांची वेबसाईट हवी होती. मी घरी बसून वेबसाईट बनवते. दारव्ह्याच्या हार्डवेअरवाल्याची बनवते, मग बापाची नको?

एका वावरापाशी मात्र ते अडले. जरा वेळानं म्हणाले, बाईचं वावर. बाई म्हणजे माझी आत्या, त्यांची एकुलती एक बहीण. आजोबा गेल्यावर, आमच्याकडे सगळ्याच बहिणी देतात तशी, तिनं हक्कसोडीवर सही दिली, साडीचोळी घेतली आणि उमरखेडला निघून गेली. तेव्हापासून तिनं या घरात पाऊल ठेवलं नव्हतं. त्या वावराला आम्ही अजून तिच्याच नावानं ओळखतो, हे तिनं एकदा पाहावं, एवढंच बाबांच्या मनात होतं. तोंडानं सांगायला त्यांची जीभ रेटत नव्हती.

वेबसाईटचंही वावरासारखंच असतं. खरा पत्ता आकड्यांचा, नाव माणसांच्या सोयीचं. नाव दिलं की कम्प्युटर बाहेर विचारून त्याचा आकडा शोधतो. पण प्रत्येक कम्प्युटरमध्ये होस्ट्स नावाची एक इवलीशी फाईल असते. 'हे नाव म्हणजे मीच' अशा अर्थाची एक ओळ तिच्यात लिहिली, की तो बाहेर कोणाला विचारायलाच जात नाही, घरातलंच पान काढून दाखवतो. नाव विकत घ्यायच्या आधी काम तपासायला मी नेहमी असंच करते. तसंच केलं. बाबांनी वरच्या पट्टीत गावाचं नाव पाहिलं, खाली वावरं, त्यांचे धुरे-बांध, झाडं पाहिली आणि खुर्चीतच हरखले. "जगाले दिसून राह्यलं हे?"

मी हो म्हटलं. काहून म्हटलं, देव जाणे. त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद पाहून खरं सांगणं माझ्या जिवावर आलं. आठवडाभरात नाव विकत घेऊच की, असं वाटलं.

त्याच संध्याकाळी बाबांनी कित्येक वर्षांनी आत्याला फोन लावला. वेबसाईट पाह्य, एवढंच सांगून ठेवून दिला. दुसऱ्या दिवशी तिचा निरोप आला, काहीच उघडत नाही म्हणून. तिले पाहाचंच नसंन, असं बाबा म्हणाले आणि न जेवता उठले. मी चरकले. तासाभरात नाव विकत घेतलं, पान सर्व्हरवर चढवलं आणि आत्याला पुन्हा पाहायला कळवलं.

आणि माझ्या कम्प्युटरातली ती ओळ पुसायची विसरले. दिव्याखाली अंधार म्हणतात, तसं माझं शिक्षण.

बाबांकडे बटणांचा फोन. ते रोज सकाळी चहाचा कप घेऊन माझ्याच कम्प्युटरपुढे बसायचे आणि खालच्या अभिप्रायाच्या चौकटीत बघायचे. चौकट रिकामी. जग नव्या पानावर जात होतं, आमचा कम्प्युटर मात्र आपल्या पोटातलं जुनंच दाखवत बसला होता. सोयाबीन निघालं, कापूस फुटायला लागला. मग बाबांनी बसायचं सोडलं.

त्यानंतर एकदा बोरी अरबच्या स्टँडवर बस येईना, म्हणून मी सहज मोबाईलवर पान उघडलं. आत्याचे चार अभिप्राय होते. दादा, दिसलं. मग, धुऱ्यावर पळस दोन होते, तू एकच लिहिला. मग, दादा, वाचून राह्यला का? शेवटचा आठ दिवसांपूर्वीचा: "समजली मी. मंग माह्यं नाव लिहाचं कायले?"

 घरी येऊन आधी ती ओळ पुसली आणि बाबांना सगळं सांगितलं. पहिल्या दिवशी ते पान आपल्या घराबाहेर कुठंच नव्हतं, हेही सांगितलं. मला शिव्या बसतील असं वाटलं होतं. बाबा रागावले नाहीत. स्क्रीनवर बोट फिरवत त्यांनी चारही अभिप्राय दोनदा वाचले आणि फोन लावायला सांगितला.

आत्यानं उचलला. 

"बाई," बाबा म्हणाले, "तुयं लिहिणं मले आज दिसलं. पोरीची चूक लहान हाय. तुयं नाव मी घरातल्या घरात घेत राह्यलो, कागदावरून पुसून टाकलं. तू ये. वावर तुया नावानं करू."

पलीकडून नुसतं रडणं ऐकू येत होतं. मग आत्यानं विचारलं, गावाले सकाळची गाडी अजून लागते का.