सुईची शीळ

वनखात्याच्या कचेरीत सगळे तिला काकू म्हणत. मागच्या खोलीत, कानांवर हेडफोन चढवून, काकू दिवसभर डोंगर ऐकायची. वरच्या जंगलात झाडांना रेकॉर्डिंगची यंत्रं बांधलेली होती. वनरक्षक त्यांतली कार्डं खाली आणून द्यायचा. कधी यंत्राची तार खारीने कुरतडलेली, कधी आत मुंग्यांनी संसार थाटलेला. वाऱ्यापावसाच्या त्या कल्लोळातून कुठलं पाखरू बोललं ते ओळखायचं, हे तिचं काम. काकूचे कान तिखट. कोतवाल पक्षी दुसऱ्यांच्या नकला करून भल्याभल्यांना गंडवायचा, पण काकू यंत्रालाच दटावायची, "मेल्या, ओळखलं हो तुला!"

तिचा सगळ्यांत लाडका होता तो अंगठ्याएवढा एक पक्षी. त्याची शीळ इतकी बारीक, की कचेरीत त्याचं नावच 'सुई' पडलं होतं.

यंदा थंडी सरली तरी सुई ऐकू आली नाही. काकूने कार्डं पुन्हा पुन्हा ऐकली. घास गोड लागेना. शेवटी जड मनाने तिने साहेबांना सांगितलं, "डोंगरावर सुई राहिली नाही." साहेबांचा चेहरा उतरला.

दुसऱ्या दिवशी काकूचा घरी विसरलेला चष्मा द्यायला तिची सून आली आणि गंमत म्हणून तिने हेडफोन लावले.

"आई, मधे मधे हे काय किणकिणतंय? कानात टोचतंय अगदी."

"कुठे? वारा असेल."

"वारा नाही हो. हे बघा, आत्ता. परत!"

काकूने हेडफोन ओढून घेतले. नुसता वारा. पडद्यावर आवाजाचं चित्र उमटायचं, पण 'मला ऐकायला ठेवलंय, चित्रं बघायला नाही' म्हणून ती ते कायम बंद ठेवायची. आज तिने चष्मा लावून ते उघडलं. अगदी वरच्या कडेला, जिथे सगळ्यांत बारीक सूर उमटतात, नखाने ओरखडे काढावेत तशा रेघा होत्या. आधीच्या कार्डांतही होत्या.

"म्हणजे पाखरू गेलं नाही," काकू हळूच म्हणाली, "माझे कान गेले." डोळे भरून आले आणि त्यातच तिला हसू फुटलं. "आहे गं बाई, आहे!"

ती तडक साहेबांकडे गेली. "साहेब, सुई जिवंत आहे. मी बहिरी झालेय."

हसावं की रडावं, साहेबांना कळेना. "कान दाखवून या काकू," ते म्हणाले, "खुर्ची कुठे जात नाही तुमची."

घरी नवऱ्याच्या कानात कधीचंच यंत्र होतं. टीव्हीच्या आवाजावरून काकूने आजवर घर डोक्यावर घेतलं होतं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि सरकून शेजारी जागा केली. "या, बसा आमच्या पंगतीत!"

बारीक सूर आता परत येणार नाहीत, असं डॉक्टरांनी सांगितलं. मग घुबडं, सुतार, कस्तूर अशी ठसठशीत आवाजाची पाखरं काकूकडेच राहिली. बारीक आवाज ती पडद्यावर शोधायची आणि शंका आली की सुनेला ऐकवायची.

उन्हाळ्यात दोघी वरच्या जंगलात गेल्या. सुनेने काकूच्या हाताला धरून एक फांदी दाखवली. शेंड्यावर इवलासा जीव चोच वासून बसला होता, गळा थरथरत होता.

"काय म्हणतोय?"

"भांडतोय हो कुणाशी तरी. श्वाससुद्धा घेत नाहीये."

"भांडू दे," काकू म्हणाली आणि मान वर करून बघत राहिली.